सायकलवाटेची झाडलोट

इसवी सन १८९४च्या जून महिन्यातील पंधराव्या दिवशी, ब्रुकलिन हे शहर न्यूयॉर्कमध्ये विलीन होण्यास अद्याप सुमारे साडेतीन वर्षांचा अवधी असताना, त्या शहराच्या प्रॉस्पेक्ट पार्क नामक उद्यानापासून कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी साडेपाच मैलांची एक वाट केवळ सायकलस्वारांसाठी म्हणून समारंभपूर्वक खुली करण्यात आली. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघा प्रख्यात उद्यानरचनाकारांनी आखलेल्या ओशन पार्कवे या प्रशस्त मार्गावर झाडांच्या लांबच लांब रांगा होत्या. त्या रांगांच्या सावलीत बारीक फोडलेल्या चुनखडीचा थर दाबून ही वाट सिद्ध केली होती आणि तिच्या खर्चाचा काही भाग सायकलस्वारांनी आपसांत वर्गणी करून उभारला होता. अमेरिकेतील या जातीची ही पहिली वाट म्हणून तिचा उल्लेख नेहमी केला जातो, आणि उद्घाटनाच्या दिवशी हजारो सायकलस्वारांनी काढलेल्या मिरवणुकीचे वर्णनही आवडीने सांगितले जाते. मला मात्र त्या मिरवणुकीपेक्षा तिच्यानंतरचे चार आठवडे अधिक महत्त्वाचे वाटतात. कारण पहिला महिना लोटण्यापूर्वीच इतकी चाके त्या वाटेवरून गेली, की चुनखडीचा थर उखडला आणि डागडुजीसाठी मजूर लावावे लागले. पुढे चौदा फुटांची रुंदी सतरा फुटांवर न्यावी लागली, आणि १८९६मध्ये मार्गाच्या दुसऱ्या अंगाने परतीची स्वतंत्र वाट बांधावी लागली. अमेरिकेतील सायकलवाट आणि तिच्या निगराणीची चिंता, या दोहोंचा जन्म असा एकाच उन्हाळ्यातला आहे. पहिलीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. दुसरीचा, म्हणजे वाट झाडण्याचा, राखण्याचा आणि त्यासाठी पैसा कोठून आणला याचा इतिहास कोणी फारसा मनावर घेतलेला नाही. वस्तुतः कोणती वाट टिकली आणि कोणती नामशेष झाली, हे या दुसऱ्या इतिहासावाचून कळणे अशक्य आहे.

वाटेच्या स्वच्छतेला एवढे महत्त्व का प्राप्त झाले, हे समजण्यासाठी आणखी सहा वर्षे मागे जावे लागते. १८८८मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी धाव तयार केली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत भरीव रबराची धाव जवळजवळ हद्दपार झाली. भरीव धावेची सायकल हाडे खिळखिळी करीत असे खरे, परंतु काचेचा तुकडा किंवा नालेचा खिळा तिच्या वाटेत आला तर तिचे फारसे काही बिघडत नसे. हवेच्या धावेने स्वाराला सुख आणि वेग दिला. मात्र त्या सुखाच्या मोबदल्यात तिने त्याला रस्त्याच्या पृष्ठभागाचा अंकित करून टाकले. घोड्याला जो खिळा दिसत नाही आणि गाडीवानाला जो जाणवत नाही, तो सायकलस्वाराला गावापासून दोन कोसांवर पायउतार करू लागला. रस्त्याची झाडलोट ही तोवर आरोग्याची आणि शोभेची बाब मानली जात होती. आता ती वाहतुकीची बाब झाली.

आणि त्या काळच्या नगरांतील रस्ते होते कसे? एकट्या न्यूयॉर्कमध्ये लाखाहून अधिक घोडे रोज रस्त्यावर येत, आणि एक घोडा दिवसाकाठी पंधरा ते तीस पौंड लीद टाकीत असे. कोरड्या दिवसांत तिची धूळ होऊन डोळ्यांत जाई आणि पावसात तिचा निसरडा राडा होई. या अवस्थेत १८९५ साली महापौर विल्यम स्ट्राँग यांनी झाडलोट खात्याची सूत्रे कर्नल जॉर्ज वेअरिंग या स्थापत्यविशारदाकडे सोपवली. ओल्मस्टेडच्या हाताखाली सेंट्रल पार्कच्या जलनिःसारणाचे काम करून तयार झालेल्या या गृहस्थाने तोवर पक्षांच्या वशिल्यावर भरल्या जाणाऱ्या त्या खात्याला शिस्त लावली. झाडूवाल्यांना पांढराशुभ्र गणवेश दिला. राख, अन्नाचे उष्टे-खरकटे आणि सुका केरकचरा घरोघर वेगवेगळा ठेवण्याचा नियम केला. आणि १८९६मध्ये आपल्या झाडूवाल्यांची शहरातून संचलनाने मिरवणूक काढली, त्यामुळे नागरिकांनी त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिले. वेअरिंग १८९८मध्ये हवानाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करून परतताच पीतज्वराने निवर्तले. परंतु सायकलींच्या लाटेची जी अत्युच्च वर्षे म्हणून गणली जातात, ती न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या खराट्याच्या वर्षांशी जुळतात, हा केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावा असे मला वाटत नाही. डांबरी रस्ता आणि स्वच्छ रस्ता या दोहोंसाठी त्या काळी सायकलस्वारांनी जितका आग्रह धरला, तितका क्वचितच अन्य कोणी धरला असेल. सुरक्षिततेची बाजूही त्याच सुमारास आकारास आली: शहराच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष असलेले थिओडोर रूझवेल्ट यांनी १८९५च्या डिसेंबरात सायकलवर बसणाऱ्या शिपायांचे पथक उभारले, आणि उधळलेले घोडे व बेफाम स्वार या दोहोंना आवरण्याचे काम त्यांच्याकडे दिले.

शहराबाहेर मात्र ना वेअरिंग होते ना डांबर. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, लॉकपोर्ट आणि रॉचेस्टर या गावांच्या परिसरात, पावसाळी चिखलाच्या रस्त्यांना कंटाळलेल्या सायकलस्वारांनी रस्त्याच्या कडेने, कारखान्यांतून मिळणारी कोळशाची राख आणि खंगर पसरून व त्यावर रूळ फिरवून, काही फूट रुंदीच्या वाटा बांधण्यास आरंभ केला. या चळवळीचे अध्वर्यू लॉकपोर्टचे चार्ल्स रेमंड होत. सुरुवातीस सारे काम स्वेच्छेच्या वर्गणीवर चाले. परंतु वाट एकदा तयार झाली की तिच्यावरून वर्गणी देणारा जातो तसाच न देणाराही जातो, आणि पहिल्या पावसानंतर वाट वाहून गेली की नव्याने वर्गणी मागण्यास तीच थोडकी मंडळी पुन्हा दारोदार हिंडतात, हा अनुभव लवकरच आला. रेमंड यांचा विचार असा, की जी गोष्ट सर्वांनी वापरायची तिचा खर्च सर्वांकडून कायद्याने घेतला पाहिजे. त्यातून १८९९मध्ये राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेला कायदा आला. त्या अन्वये जिल्ह्याच्या न्यायाधीशाने सायकलस्वारांच्या अर्जावरून, सायकलस्वारांमधूनच, सायकलवाटांचे आयुक्त नेमावेत. आयुक्तांनी दरसाल अर्धा ते एक डॉलर घेऊन परवान्याचा धातूचा बिल्ला विकावा. बिल्ल्यावाचून वाटेवर येणाऱ्यास दंड व्हावा. वाटेवर घोडागाडी घालण्यास मनाई असावी. आणि जमा झालेला पैसा वाटा बांधण्यास व त्या राखण्यास लागावा, अशी ती व्यवस्था होती.

या कायद्याच्या रचनेकडे आपण थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते पुढील सव्वाशे वर्षांत निगराणीचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडला आहे. आयुक्त स्वतः सायकल चालवणारे. त्यांच्या हाती स्वतंत्र निधी. त्या निधीचा विनियोग बांधलेला. आणि स्वाराच्या वाहनावर लटकणारा बिल्ला म्हणजे त्याने आपला वाटा उचलल्याची पावती, तसेच वाट झाडली जाईल या सरकारी आश्वासनाचे चिन्ह. परंतु या इमारतीचा पाया बिल्ल्यांच्या विक्रीवर होता, आणि तिथेच तिचा नाश दडलेला होता. विसाव्या शतकाचा उदय होतो न होतो तोच अमेरिकेतील सायकलींचा बाजार कोसळला. मागणीपेक्षा कितीतरी अधिक सायकली कारखान्यांतून बाहेर पडल्या होत्या, हौशी श्रीमंत वर्गाची नजर मोटारींकडे वळली होती, आणि अनेक कारखाने एकत्र करून उभारलेला सायकल-उद्योगाचा संघही चार-पाच वर्षांत मोडला. बिल्ले घेणारे घटले, तसा निधी आटला. निधी आटला, तसे गवत माजले, गाड्यांची चाके राखेच्या वाटेवर बिनदिक्कत चढू लागली. वाट खचली, तसे उरलेले स्वारही मुख्य रस्त्यावर गेले आणि बिल्ला घेण्याचे त्यांना कारण उरले नाही. पुढे रस्ते रुंद झाले तेव्हा या वाटा त्यांत गडप झाल्या, आणि आज रॉचेस्टरचे ते रंगीत बिल्ले जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे आढळतात, वाटा मात्र शोधूनही सापडत नाहीत. या नाशाचा क्रम मी मुद्दाम सविस्तर दिला, कारण पुढे लंडनमध्ये आणि पुण्यात तो जवळजवळ जसाच्या तसा आढळतो: आधी झाडलोट थांबते, मग वापर घटतो, मग अतिक्रमण होते, आणि शेवटी वापर घटला हेच वाट काढून टाकण्याचे कारण म्हणून पुढे केले जाते.

लंडनची हकीकत त्या मानाने आटोपशीर आहे. १९३४च्या डिसेंबर महिन्याच्या चौदा तारखेला ब्रिटिश वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनी वेस्टर्न अव्हेन्यू या नव्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांनी, साडेआठ फूट रुंदीच्या व सुमारे अडीच मैल लांबीच्या सायकलवाटांचे उद्घाटन केले. आश्चर्य म्हणजे, देशातील सायकलस्वारांच्या प्रमुख संघटनेनेच त्यांना विरोध केला. आपल्याला हमरस्त्यावरून हुसकावण्याची ही पूर्वतयारी आहे, हे भय त्यामागे होते. पण वाटांचा पृष्ठभाग शेजारच्या रस्त्याहून निकृष्ट असतो, प्रत्येक फाट्याशी त्या तुटतात आणि त्यांची निगा राहणार नाही, अशीही रास्त तक्रार होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या उरलेल्या वर्षांत अशा वाटा देशात अनेक ठिकाणी बांधल्या गेल्या. युद्धानंतर मंत्रालयाचे लक्ष उडाले, आणि काही वाटांवर घरमालकांनी मोटारी उभ्या केल्या, काही सेवारस्ते ठरल्या, काही गवतामातीखाली गेल्या. २०१७च्या सुमारास कार्ल्टन रीड या पत्रकाराने जुनी दफ्तरे तपासून या विस्मृत वाटांचा मागोवा काढला, तेव्हा त्या वाटांच्या काठी राहणाऱ्या कित्येक रहिवाशांनाही आपल्या घरासमोरची ती फरसबंदी मूळची कशासाठी होती हे ठाऊक नव्हते.

या ठिकाणी एक भौतिक कारण सांगणे अवश्य आहे, कारण त्याच्या अज्ञानातून पुष्कळ अनर्थ झाला आहे. ज्या रस्त्यावरून मोटारी धावतात, त्या रस्त्याचा मधला भाग मोटारींच्या चाकांनी आणि त्यांच्या वेगाने उठणाऱ्या वाऱ्याने आपोआप साफ होत राहतो. खडी, काच, खिळे, वाळलेली पाने, सारे काही हळूहळू कडेला फेकले जाते. रस्त्याला मधोमध उंचवटा देऊन पाणी दोहो बाजूंना उतरवलेले असते, त्यामुळे पावसाचा गाळही कडेलाच येऊन बसतो. सायकलवाट नेमकी या कडेला असते, आणि तिच्यावरून मोटार कधीच जात नसल्यामुळे तेथे आपोआप काहीच साफ होत नाही. म्हणजे जितकी वाट मोटारींपासून अधिक अलग आणि म्हणून अधिक निर्धोक, तितकी ती मनुष्याच्या झाडूवर अधिक अवलंबून. शिवाय जो केर पादचाऱ्याला केवळ किळसवाणा वाटतो, तो सायकलस्वाराच्या जिवावर बेततो. ओल्या पानांचा थर वळणावर चाक घसरवतो, उभ्या गजांची गटाराची जाळी चाक अडकवते, आणि काचांचा चुरा चुकवण्यासाठी स्वार अकस्मात वाट सोडून मोटारींच्या ओघात शिरतो. अपघाताच्या पंचनाम्यात त्या काचांची नोंद होत नाही.

बिल्ल्याची कल्पना हॉलंडमध्ये अधिक काळ टिकली. तेथे १९२४ ते १९४१ या काळात प्रत्येक सायकलवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूची लहानशी पट्टी सायकलला लावावी लागे. मंदीच्या वर्षांत बेकारांना ती फुकट मिळे, पण तिला मधोमध भोक पाडलेले असे, आणि हे भोक पाहून आपली गरिबी चारचौघांत उघड होते याची बोच त्या पिढीतील लोक जन्मभर विसरले नाहीत. कराचे उत्पन्न पुढे रस्तेनिधीत जाऊ लागले आणि त्यातून मुख्यतः मोटारींच्या सोयीचे रस्ते झाले, हा आक्षेप सायकलस्वारांनी तेव्हाच घेतला होता. याउलट त्याच देशात सभासदांच्या वर्गणीतून रानावनांतील सायकलवाटा बांधणाऱ्या आणि राखणाऱ्या स्थानिक मंडळ्याही होत्या, आणि त्यांनी जपलेल्या कित्येक वाटांवरून आजही वर्दळ चालते. वसूल केलेला पैसा ज्या कारणासाठी घेतला त्याच कारणी लागतो की नाही, हा फरक येथे स्वच्छ दिसतो.

परंतु निगराणीचे परिपूर्ण उदाहरण पाहावयाचे असेल तर कोपनहेगनला जावे लागते. त्या शहरातील पहिली सायकलवाट एस्प्लनाडन या मार्गावर १८९२मध्ये झाली असे सांगतात; पुढे १९१०मध्ये, शहराच्या मध्यभागी असलेल्या तळ्यांच्या काठची घोडेस्वारांची वाट सायकलींसाठी मोकळी करण्यात आली. डॅनिश सायकलस्वारांचा संघ १९०५मध्ये स्थापन झाला होता आणि तो आजतागायत कार्यरत आहे. या सातत्याचे मोल फार आहे. कारण १९५० ते १९७० या दोन दशकांत तेथेही मोटारींचा पूर आला, सायकलींची संख्या झपाट्याने घटली, आणि ज्या तळ्यांच्या काठी ती जुनी वाट होती त्याच काठाने मोटारींचा महामार्ग नेण्याची योजना आखली गेली. ती योजना १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात बारगळली. १९७३च्या नोव्हेंबरात तेलटंचाईमुळे रविवारी मोटारींना बंदी झाली तेव्हा लोकांना रिकाम्या रस्त्यांचे दर्शन घडले, आणि त्यानंतरच्या वर्षांत सायकलस्वारांचे प्रचंड मोर्चे नगरभवनासमोरच्या चौकात जमू लागले. जेथे सायकलस्वार मृत्युमुखी पडले होते, तेथे रस्त्यावर पांढरे क्रूस रंगवण्यात आले. त्याच सुमारास हॉलंडमध्ये, १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक बालके रस्त्यांवर मारली गेल्याच्या संतापातून, बालहत्या थांबवा अशी मागणी करणारी चळवळ उभी राहिली होती; तिचीही आठवण येथे ठेवली पाहिजे, कारण या दोन्ही देशांतील आजची व्यवस्था सरकारच्या औदार्यातून आलेली नसून शोकाकुल नागरिकांच्या हट्टातून आलेली आहे.

कोपनहेगनने वाटा बांधताना त्या झाडण्याचाही विचार आधीच करून ठेवला, हे मला विशेष वाटते. तेथील वाट मोटारींच्या रस्त्याहून एक पायरी उंच आणि पदपथाहून एक पायरी खाली असते, त्यामुळे रस्त्यावरची खडी सहसा तिच्यावर येत नाही. तिच्या किमान रुंदीचा दंडक ठरलेला आहे, आणि अशा रुंदीत बसतील अशी लहान झाडणयंत्रे व हिम दूर करणारी यंत्रे नगरपालिकेने बाळगली आहेत. हिमवृष्टी झाली की मुख्य सायकलमार्ग मोटारींच्या रस्त्यांच्या आधी मोकळे करायचे, असे तेथील धोरण आहे. कारण पहाटे कामावर निघालेला मनुष्य एकदा घसरून पडला की पुढचे चार महिने तो सायकलीकडे वळत नाही, याची त्या कारभाऱ्यांना पुरती जाणीव आहे. वाटेच्या कडेला कचऱ्याचे डबे स्वाराच्या दिशेने कलते बसवले आहेत, म्हणजे न थांबता त्यात कागद टाकता यावा. नॉरब्रोगेड या गजबजलेल्या रस्त्यावरचे दिवे ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीला एकामागून एक हिरवे मिळतील असे जुळवले आहेत. आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ही नगरपालिका दर दोन वर्षांनी आपल्या सायकल-कारभाराचा जाहीर ताळेबंद प्रसिद्ध करते. त्यात किती किलोमीटर वाट नव्याने बांधली एवढेच नसते. वाटांची निगा, त्यांची रुंदी आणि तेथे वाटणारी सुरक्षितता यांविषयी खुद्द स्वार किती समाधानी आहेत, हेही विचारून नोंदलेले असते. रॉचेस्टरच्या आयुक्तांना जे बिल्ल्यांच्या जोरावर साधले नाही, ते कोपनहेगनने सर्वसाधारण अंदाजपत्रकातील कायम तरतुदीने आणि या जाहीर हिशेबाने साधले.

आता पुण्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत या शहराला सायकलींचे शहर म्हणत, आणि ते म्हणणे अक्षरशः खरे होते. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, दापोडीची कर्मशाळा, पिंपरीकडचे नवे कारखाने यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ते सायकलींनी भरून जात. महाविद्यालयांतील मुले-मुली, दूधवाले, पोस्टमन, प्राध्यापक, नगरसेवक, सारे सायकलवर. अलग वाटेची आवश्यकता तेव्हा नव्हती, कारण सगळा रस्ताच त्यांचा होता. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली ती ज्या १९४९च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमानुसार, त्यात वाहने, होड्या आणि जनावरे यांवर कर बसवण्याची तरतूद होती. त्या काळच्या पुणेकरांच्या सायकलीवर महापालिकेचा बिल्ला असे आणि नसल्यास सायकल अडवली जाई. रात्री दिवा नसला किंवा कोणाला डबलसीट घेतले तर पोलीस दंड करीत. अडचण एवढीच, की बिल्ल्याचा महसूल सर्वसाधारण तिजोरीत जाई. रॉचेस्टरप्रमाणे तो सायकलस्वाराच्या रस्त्याशी बांधलेला नव्हता. म्हणून पुढे कर संपला तेव्हा स्वाराला हायसे वाटले, आणि त्या कराबरोबर रस्त्यावरचा आपला एक नोंदलेला हक्कही गेला हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

१९६०नंतर आकुर्डीला स्कूटरी बनू लागल्या. प्रथम त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आणि १९८०च्या दशकापासून त्या सहज मिळू लागल्या. सायकलस्वार रस्त्याच्या मध्यातून कडेला आणि कडेवरून घरी गेला. २००५च्या अखेरीस केंद्र सरकारने नागरी पुनर्निर्माणाची योजना जाहीर केली, तिच्या पैशातून डिसेंबर २००६मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली, आणि तिच्या जोडीने सातारा रस्ता व सोलापूर रस्ता यांच्या कडेने सायकलवाटा आल्या. पुढील वर्षांत अन्य रस्त्यांवरही त्या झाल्या. कागदावर ही लांबी लक्षणीय होती. प्रत्यक्षात ज्याने या वाटांवरून कधी सायकल घातली असेल त्याला ठाऊक आहे, की दहा मिनिटांच्या प्रवासात विजेचा डीपी, बसथांबा, उखडलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या पातळीहून चार बोटे वर आलेले चेंबरचे झाकण, बांधकामाचा राडारोडा, रसवंतीची हातगाडी आणि आडव्या लावलेल्या दुचाकींची रांग, यांतील एखादी गोष्ट हमखास आडवी येते. आणि ती चुकवण्यासाठी त्याला तीन-चार वेळा तरी उतरून सायकल उचलावी लागते किंवा भर रहदारीत घुसावे लागते. जंगली महाराज रस्त्याची १९७०च्या दशकातली बांधणी दहा वर्षांच्या हमीवर झाली होती, आणि तो रस्ता किती टिकला याचे कौतुक पुणेकर अजून करतात. अलीकडे त्याच रस्त्याचे नवे रूप आखताना पदपथ रुंद करून सायकलवाटही दिली गेली. डांबराची हमी घेण्याची प्रथा आपल्याकडे निदान एकदा तरी पडली होती. वाट दररोज मोकळी आणि स्वच्छ राहील याची हमी मात्र कोणत्याही निविदेत मागितलेली माझ्या पाहण्यात नाही.

याचे मूळ कारभाराच्या घडणीत आहे. वाट बांधतो पथ विभाग; ती झाडायची घनकचरा विभागाने; तिच्यावरची पथारी उठवायची अतिक्रमण विभागाने; झाडांची पाने आणि फांद्या उद्यान विभागाच्या; डीपी वीज कंपनीचा; आणि तिच्यावर उभ्या केलेल्या मोटारीवर कारवाई करण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांचा, जे महापालिकेचे नव्हेत, राज्य शासनाचे. रस्ता झाडणारे मोठे यंत्र दुभाजकाच्या आणि कडेच्या दगडाला लागून चालते, त्याला पायरीवरच्या वाटेवर चढता येत नाही; खराटा घेतलेला सफाई कामगार आपल्या बीटमध्ये नेमून दिलेला रस्ता आणि पदपथ झाडतो, आणि दोहोंच्या मधली वाट जर बीटमध्ये लिहिलेली नसेल तर ती न झाडल्याचा दोष त्याला देणे हा अन्याय आहे. उलट पुष्कळदा असे घडते, की दोन्ही बाजूंचा केर गोळा करून घंटागाडी किंवा ढकलगाडी येईपर्यंत त्याचे ढीग याच मोकळ्या पट्ट्यावर केले जातात, कारण ती जागा कोणाच्याच हिशेबात नसते. मग तेथे खिळे आणि काचा उरतात, दोन दिवसांत पंक्चर होते, आणि स्वार पुन्हा त्या वाटेने येत नाही. आठवडाभरात तेथे एक दुचाकी उभी राहते, आणि वर्षभरात व्यापारी निवेदन देतात की ही वाट कोणी वापरीत नाही, तेव्हा ती वाहनतळाला द्यावी.

२०१७मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी विद्यापीठाच्या परिसरात व औंध भागात भाड्याच्या सायकलींची सामायिक योजना मोठ्या उत्साहाने सुरू झाली. ती योजना थोड्याच वर्षांत ओसरली. सायकली मोडल्या, काही चोरीला गेल्या. आराखडा मात्र दफ्तरी आहे, आणि त्याच्या आधारे अजूनही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. माझे मागणे लहान आहे. नवी वाट बांधण्यापूर्वी, आज अस्तित्वात असलेल्या प्रत्येक वाटेचे मोजलेले मीटर ज्या आरोग्य कोठीच्या हद्दीत येतात तिच्या मुकादमाच्या हजेरीत स्वतंत्र ओळीने लिहिले जावेत. त्या ओळीसमोर कामगारांची संख्या आणि लागणाऱ्या लहान यंत्राची नोंद असावी. अंदाजपत्रकात या कामाचे वेगळे लेखाशीर्ष असावे, ज्यातला पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये. आणि खडकीहून शिवाजीनगरला किंवा हडपसरहून स्वारगेटला रोज सायकलने जाणाऱ्या कामगारांना, घरकाम करणाऱ्या बायांना, सुरक्षारक्षकांना, म्हणजे ज्यांनी सायकल कधी सोडलीच नाही त्यांना, वर्षातून एकदा महापालिकेने विचारावे की तुमची वाट झाडलेली असते काय, आणि त्यांनी दिलेले उत्तर आयुक्तांच्या सहीने छापावे.